सिंगापूरची छोटी सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन-चार दिवसांसाठी सिंगापूरला निघालेल्या वाचकांकडून जे प्रश्न सतत येत असतात, ते येथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आणि नंतर अडचणीचे, असा क्रम ठेवला आहे. एखाद्या विषयाचा तपशील दुसऱ्या उत्तरात असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत असतात. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या त्या ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी.

१. सिंगापूर पाहायला नेमके किती दिवस लागतात?

शहराचा मुख्य भाग पाहायचा असेल, तर तीन पूर्ण दिवस पुरतात. मुख्य बेटच पूर्व-पश्चिम साधारण ५० किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण २७ किलोमीटर एवढे आहे. त्यातही मरिना बे, चायनाटाउन, लिटल इंडिया, काम्पोंग ग्लाम आणि सिंगापूर नदीचा काठ ही ठिकाणे दक्षिणेकडच्या काही किलोमीटरांच्या पट्ट्यातच येतात. सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओज आणि उत्तरेकडच्या मंडाईतील प्राणिसंग्रहालय यांपैकी जे हवे असेल, त्यासाठी प्रत्येकी एक दिवस वाढवावा. ‘तीन रात्री, चार दिवस’ हे जाहिरातीत भरघोस दिसते; पण पहाटे उतरल्यावर हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनपर्यंत सहसा मिळत नाही आणि परतीचा दिवसही निम्मा विमानतळाच्या नावे जातो. त्यामुळे रात्री मोजण्यापेक्षा प्रत्यक्ष हाती येणाऱ्या सकाळी आणि संध्याकाळी मोजाव्यात.

२. जाण्यासाठी कोणता महिना चांगला?

हवामानाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. बारा महिने दिवसाचे तापमान ३१ ते ३३ अंशांच्या आसपास असते आणि पाऊस कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. डिसेंबर आणि जानेवारीत त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. काही वर्षी जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान इंडोनेशियातील वणव्यांचा धूर शहरावर पसरतो. २०१३ आणि २०१५ मध्ये हा त्रास विशेष जाणवला होता.

महिना निवडताना हवामानापेक्षा सणवार आणि मोठे कार्यक्रम पाहावेत. चिनी नववर्षाचे पहिले दोन दिवस सार्वजनिक सुटी असते आणि खाण्याचे बरेच गाळे बंद राहतात. २००८ पासून मरिना बे परिसरात रात्रीची फॉर्म्युला वन शर्यत होते. ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. त्या आठवड्यात तेथील रस्ते बंद असतात आणि हॉटेलांचे दर चढे असतात. ज्यांना शर्यत पाहायची नाही, त्यांनी ते दिवस टाळणेच शहाणपणाचे.

३. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? अरायव्हल कार्ड म्हणजे तोच व्हिसा का?

व्हिसा लागतो, आणि तो विमानतळावर उतरल्यावर मिळत नाही. अर्ज भारतातील अधिकृत व्हिसा एजंटांमार्फत करावा लागतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. एजंटाचे सेवाशुल्क वेगळे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.

एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवाशाने आगमनाआधी स्वतःची माहिती देण्याचा फॉर्म, ही वेगळी गोष्ट आहे. पोहोचण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचे असते आणि ते पूर्णपणे मोफत आहे. शोधताना सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, पैसे मागणारी संकेतस्थळेही समोर येतात. तेथे कार्डाचा तपशील देऊ नये. प्रवेश मिळाल्यावर पासपोर्टवर शिक्का उमटत नाही. किती दिवस राहता येईल, हे ई-मेलवर येणाऱ्या ई-पासमध्ये लिहिलेले असते. व्हिसाशिवाय थांबण्याची मर्यादित सवलत कोणाला मिळते, ते प्रश्न १६ मध्ये पाहावे.

४. विमानतळावरून शहरात कसे जावे?

सामान बेताचे असेल आणि दिवसाची वेळ असेल, तर एमआरटी, म्हणजे तेथील मेट्रो. चांगी विमानतळाचे स्थानक दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलच्या मध्ये आहे. तेथून ताना मेरा येथे गाडी बदलली की साधारण पाऊण तासात शहराच्या मध्यभागी पोहोचता येते. गाड्या रात्री बाराच्या सुमारास थांबतात आणि विमानतळावरची शेवटची गाडी त्याच्याही आधी सुटते. रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी टॅक्सीच गृहीत धरावी. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत मीटरवर ५० टक्के जादा आकार लागतो.

५. प्रवासासाठी पास घ्यावा की कार्ड वापरावे?

बहुतेकांसाठी स्वतःचे संपर्करहित बँक कार्डच पुरेसे ठरते. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टेकवले की भाडे कापले जाते. परदेशी बँकेच्या कार्डावर, ज्या दिवशी ते वापरले त्या प्रत्येक दिवसासाठी ०.६० डॉलर जादा आकार लागतो. शिवाय आपल्या बँकेचे परकीय चलनावरील शुल्क असते. अमर्याद प्रवासाचा टुरिस्ट पास दिवसाला सहा-सात फेऱ्या करणाऱ्यालाच परवडतो, आणि शहर आटोपशीर असल्याने तेवढ्या फेऱ्या फार थोड्यांच्या होतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. जे कार्ड किंवा फोन आत जाताना टेकवला, तोच बाहेर पडतानाही टेकवायचा. एकाच खात्याचे कार्ड आणि फोन यंत्राच्या लेखी दोन वेगळी साधने असतात. तसेच बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावे लागते, अन्यथा पूर्ण मार्गाचे भाडे कापले जाते. सोबतच्या ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना भाडे नाही.

६. राहायला कोणता भाग सोयीचा?

लिटल इंडिया आणि फेरर पार्क हे भाग शाकाहारी जेवणासाठी आणि तुलनेने कमी दरांसाठी सोयीचे आहेत. बुगिस आणि चायनाटाउन येथून सगळीकडे सहज जाता येते. मरिना बे परिसर महाग आहे आणि त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे विशेष कारण नाही, कारण तेथे सर्वांना संध्याकाळीच जायचे असते. गेलांगमधील खोल्या स्वस्त दिसतात. मात्र त्या परिसराच्या काही गल्ल्या परवानाप्राप्त वेश्यावस्तीच्या आहेत, हे कुटुंबासह जाणाऱ्यांनी आरक्षणापूर्वी जाणून असावे.

आरक्षण करताना खोलीचे वर्णन शेवटपर्यंत वाचावे. येथील अनेक स्वस्त आणि मध्यम दरांच्या हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या असतात आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

७. दिवसाची आखणी कशी करावी? आम्ही दहा-बारा ठिकाणांची यादी केली आहे.

यादी अंतराप्रमाणे न लावता घड्याळाप्रमाणे लावावी. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १४० किलोमीटरवर आहे. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला वीस मिनिटे लागतात हे खरे असले, तरी दुपारी बारा ते चार या वेळेत उघड्यावर अर्धा तास चालल्यावर माणसाचा उत्साह मावळतो आणि मग उरलेला दिवस वातानुकूलित मॉलमध्ये जातो. सूर्य वर्षभर सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे सकाळी साडेसातला बाहेर पडणाऱ्याला कोवळे ऊन मिळते.

सकाळचे तीन तास बागांना आणि टेकड्यांना द्यावेत. १८५९ मध्ये स्थापन झालेले आणि २०१५ पासून जागतिक वारसा यादीत असलेले बोटॅनिक गार्डन्स पहाटे पाच ते मध्यरात्रीपर्यंत उघडे असते. प्रवेश विनामूल्य आहे, फक्त आतील ऑर्किड उद्यानाला तिकीट आहे. दुपार संग्रहालयांसाठी किंवा गार्डन्स बाय द बेमधील काचेच्या थंड घुमटांसाठी राखावी. जुन्या वस्त्या चारनंतर आणि खाडीकाठ सूर्यास्तानंतर.

या नियमाला मंदिरे अपवाद आहेत, कारण तेथील हिंदू मंदिरे बहुधा दुपारी बंद असतात. चायनाटाउनमधील श्री मारिअम्मन हे १८२७ मध्ये स्थापन झालेले, शहरातील सर्वांत जुने हिंदू मंदिर आहे. त्याच साउथ ब्रिज रोडवर, चालत काही मिनिटांच्या अंतरात, जुनी जामे मशीद आणि २००७ मध्ये उभे राहिलेले बुद्ध दंतावशेष मंदिर आहे. गोपुरावरच्या रंगीत मूर्ती, मशिदीचे फिकट हिरवे जोड मिनार आणि लाल लाकडी सज्जांचे बौद्ध मंदिर एका फेरीत पाहून झाल्यावर या शहराची घडण जेवढी कळते, तेवढी उंच निरीक्षण मजल्यावरून कळत नाही. ही फेरी सकाळी नऊच्या सुमारास करावी.

८. कोणत्या ठिकाणांची तिकिटे घ्यावीत आणि फुकट काय पाहता येते?

शहरातील उत्तम गोष्टींपैकी बऱ्याच विनामूल्य आहेत. मर्लायन (सिंहाचे तोंड आणि माशाचे शरीर असलेला पुतळा) असलेले मर्लायन पार्क, हेलिक्स पूल, गार्डन्स बाय द बेचा उघडा भाग आणि तेथील २५ ते ५० मीटर उंचीची सुपरट्री ही कृत्रिम झाडे पाहायला पैसे लागत नाहीत. सुपरट्रींवरील प्रकाश-संगीताचा कार्यक्रम रोज सायंकाळी ७.४५ आणि ८.४५ वाजता असतो. मरिना बे सँड्स हॉटेलासमोरचा ‘स्पेक्ट्रा’ हा पाण्याचा कार्यक्रम ८ आणि ९ वाजता असतो. दोन्ही साधारण पंधरा मिनिटांचे आहेत. ७.४५ चा कार्यक्रम सुपरट्रींच्या खाली बसून पाहावा आणि मग सावकाश चालत पूल ओलांडून ९ वाजता खाडीकाठी यावे. धावपळ होत नाही आणि एकाच संध्याकाळी दोन्ही साधतात.

तिकीट काढायचेच तर ते आधी गार्डन्स बाय द बेमधील क्लाउड फॉरेस्ट या काचेच्या घुमटाचे काढावे. आत शिरताच ३५ मीटरांचा धबधबा समोर येतो आणि भर दुपारी अंगावर गारवा येतो. मरिना बे सँड्सच्या छतावरील प्रसिद्ध जलतरण तलाव फक्त हॉटेलात उतरलेल्यांसाठी आहे. निरीक्षण मजल्याचे तिकीट काढले तरी तलावात जाता येत नाही. हा गैरसमज फार सर्रास आढळतो.

९. सेंटोसाला पूर्ण दिवस द्यावा का? आणि मंडाईत प्राणिसंग्रहालय व नाइट सफारी एकाच दिवशी जमते का?

युनिव्हर्सल स्टुडिओजला जाणार असाल, तर सेंटोसाला पूर्ण दिवस द्यावा; नाहीतर अर्धा दिवस भरपूर झाला. हार्बरफ्रंट स्थानकालगतच्या विवोसिटी मॉलमधून सुटणाऱ्या सेंटोसा एक्स्प्रेसला जाताना ४ डॉलर पडतात आणि परत येताना काही लागत नाही; शेजारच्या पादचारी मार्गाने चालत गेल्यास जातानाही काही लागत नाही. बेटावरील बस मोफत आहेत. जुन्या मार्गदर्शिकांत सेंटोसावरच्या उंच मर्लायनचा उल्लेख असतो. तो २०१९ मध्ये बंद करून पाडण्यात आला आहे. आता पाहायचा तो मर्लायन पार्कमधला ८.६ मीटरांचा मूळ पुतळा.

मंडाईतील दोन्ही ठिकाणे एका दिवशी जमतात, पण लहान मुलांना ते जड जाते. नाइट सफारी संध्याकाळी ७.१५ ला उघडते. म्हणून प्राणिसंग्रहालयात सकाळऐवजी दुपारी तीनच्या सुमारास जावे. खातिब स्थानकावरून शटल बस मिळते. पक्ष्यांचे उद्यान शोधत कोणी जुरोंगला जाऊ नये. ते जानेवारी २०२३ मध्ये बंद झाले आणि त्याच वर्षी मंडाईत बर्ड पॅराडाइज सुरू झाले.

१०. शुद्ध शाकाहारी माणसाची जेवणाची सोय होते का?

उत्तम होते, पण विचारून खावे लागते. लिटल इंडियात सेरंगून रोडवर आणि त्याच्या आसपास शाकाहारी उपाहारगृहांची रांगच आहे. कोमला विलास तर १९४७ पासून चालू आहे. खरी गंमत मात्र हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखाली अनेक गाळे असलेल्या जेवणघरांत आहे. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. तेक्का सेंटर, मॅक्सवेल आणि लाउ पा सात ही त्यांपैकी पर्यटकांना सोयीची.

अडचण येते ती न दिसणाऱ्या घटकांची. लाक्सा या शेवयांच्या पदार्थाच्या रश्शात सुकी कोळंबी असते, रोजाक या फळे-भाज्यांच्या मिश्रणाच्या काळ्या चटणीत कोळंबीचा अर्क असतो आणि पुष्कळ भाज्या फिश सॉसमध्ये किंवा डुकराच्या चरबीत परततात. टोस्टवरच्या ‘काया’ या नारळाच्या जॅममध्ये अंडे असते. पराठ्यासारख्या ‘प्राता’सोबत मिळणारी आमटी कधी मटणाची, तर कधी माशाची असते, डाळीची हवी असे सांगावे. ‘भाजी आहे का’ असे विचारल्यास होकार मिळतो. म्हणून ‘मांस, मासे, कोळंबी, चरबी नको’ असे इंग्रजीत एकेक नाव घेऊन सांगावे. हॉकर सेंटरांत चिनी बौद्ध पद्धतीचे शाकाहारी गाळेही असतात. तेथे मांसासारखा दिसणारा पदार्थ सोयाचा किंवा गव्हाच्या प्रथिनाचा असतो आणि कांदा-लसूणही बहुधा नसतो. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांना मात्र तेथेही वेगळे विचारावे लागेल.

टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवलेले दिसले, तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समजावे. जेवण झाल्यावर ट्रे ठरलेल्या जागी नेऊन ठेवणे २०२१ पासून बंधनकारक आहे.

११. बिलात छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम का येते? आणि खरेदीवरचा कर परत मिळतो का?

उपाहारगृहाच्या दरांपुढे दोन अधिकचिन्हे असतील, तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागतो. १०० डॉलरचे बिल ११९.९० डॉलर होते. त्यामुळे वेगळी बक्षिसी द्यावी लागत नाही. हॉकर सेंटरमध्ये हे सेवाशुल्क नसते, मात्र थोडी रोख रक्कम जवळ असावी.

पर्यटकाला वस्तूंवरील जीएसटी परत मागता येतो. त्यासाठी योजनेत सहभागी असलेल्या दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी झालेली हवी आणि विमानाने परत जाताना चांगीवरील यंत्रावर नोंद करावी लागते. हॉटेल आणि जेवण यांवरील कर परत मिळत नाही.

१२. सोबत काय नेऊ नये?

हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा, कारण आपल्याकडे सहज खिशात असणाऱ्या वस्तू तेथे गुन्ह्याच्या ठरतात. गुटखा, खैनी, जर्दा हे सर्व निषिद्ध आहे. ई-सिगारेट जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे. साध्या सिगारेटींना करमाफी अजिबात नाही. एक पाकीट असले तरी ते जाहीर करून कर भरावा लागतो. च्युइंगगमही नेता येत नाही.

खसखस तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. अफूच्या झाडाचे बी म्हणून तेथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. पुडीतली खसखस कोणी नेणार नाही. पण नातेवाइकांसाठी बांधून घेतलेल्या अनारशांवर ती असते आणि घरच्या काळ्या मसाल्यातही असू शकते. असे जिन्नस घरीच ठेवावेत. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध न्यायचे असेल, तर तेथील आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते का ते आधी तपासावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. विद्युत जोडणीसाठी तीन चौकोनी दांड्यांचे अडॅप्टर लागते.

१३. दंडांबद्दल जे ऐकतो ते खरे आहे का?

खरे आहे, पण साध्या वागणाऱ्या माणसाला त्याचा जाच होत नाही. एमआरटीत खाणेपिणे, अगदी पाणी पिणेसुद्धा, निषिद्ध असून त्यासाठी ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पादचारी मार्गाच्या ५० मीटरांच्या आत इतरत्र रस्ता ओलांडता येत नाही. रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागी मद्यपान करता येत नाही. स्थानकावरील प्रसिद्ध फलकावर ड्युरियन या उग्र वासाच्या फळालाही मनाई आहे, मात्र त्याच्यापुढे दंडाची रक्कम लिहिलेली नाही.

१४. लहान मुले आणि वयस्कर मंडळी सोबत असतील तर?

वयस्करांसाठी शहर सोपे आहे. सर्व एमआरटी स्थानकांत लिफ्ट आहे, नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे आणि बसायला जागा ठिकठिकाणी आहेत. मुलांच्या बाबतीत मात्र एक नियम अनेकांना ऐनवेळी कळतो. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोटारीत वेगळे आसन लागते. मीटरच्या टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरच्या खासगी गाडीला नाही. त्यामुळे ॲपवर गाडी मागवताना टॅक्सीचा पर्याय निवडावा, नाहीतर चालक मुलांना घेण्यास नकार देतो.

१५. नेताजींशी संबंधित काही पाहता येते का?

येते, आणि सहल कंपन्यांच्या यादीत ते सहसा नसते म्हणून येथे आवर्जून सांगतो. पाडांग या मैदानासमोर, आताची नॅशनल गॅलरी ज्या जुन्या इमारतींत आहे तेथे, जुलै १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी हंगामी सरकारची घोषणा कॅथे इमारतीत झाली. तिचा दर्शनी भाग डोबी घॉट स्थानकाजवळ आजही जपलेला आहे. झाशीच्या राणीच्या नावाची स्त्रियांची पलटणही याच शहरात उभी राहिली. पाडांगलगतच्या एस्प्लनेड पार्कमध्ये १९४५ मध्ये सेनेचे स्मारक उभारले गेले होते. ब्रिटिशांनी परतताच ते उद्ध्वस्त केले. १९९५ मध्ये त्या जागी स्मृतिफलक बसवण्यात आला. मर्लायन पार्कमधून तेथे चालत दहा-पंधरा मिनिटे लागतात, म्हणून हा भाग खाडीकाठच्या संध्याकाळीच उरकावा.

१६. दुसऱ्या देशात जाताना सिंगापूरला थांबा आहे. व्हिसाशिवाय बाहेर पडता येईल का? निदान विमानतळावरचे ज्युएल संकुल तरी पाहता येईल का?

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाला ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबता येते. मात्र प्रवास तिसऱ्या देशाकडे जाताना किंवा तेथून परतताना होत असला पाहिजे आणि पुढचे निश्चित तिकीट हाती हवे. भारतातून सिंगापूरला जाऊन थेट भारतात परतणाऱ्याला ही सवलत लागू नाही, जवळ अमेरिकेचा व्हिसा असला तरीही. अंतिम निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो.

४० मीटर उंचीवरून कोसळणारा धबधबा असलेले ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, त्यामुळे प्रवेशाचा हक्क नसलेल्याला तेथे जाता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलमधील स्कायट्रेन ज्युएलच्या आतून जाते. तेवढ्यात काचेतून धबधबा ओझरता दिसतो.

१७. एका दिवसात मलेशियातील जोहोर बाहरू किंवा इंडोनेशियातील बाटाम उरकता येईल का?

येते, पण तीन-चार दिवसांच्या सहलीत त्यासाठी वेळ घालवू नये. सिंगापूरचा व्हिसा बहुप्रवेशाचा आहे का ते पाहावे लागते, त्या देशाचे प्रवेशाचे नियम पाळावे लागतात, परतताना अरायव्हल कार्ड पुन्हा भरावे लागते, आणि शनिवार-रविवारी जोहोरच्या सीमेवरील रांगेत तासन्‌तास जातात. शहरापासून दूर जायचेच असेल, तर पुलाऊ उबिन या बेटावर जावे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा प्रवासी जमले की छोटी लाकडी होडी सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत बेटावर पोहोचवते. तेथे सायकली भाड्याने मिळतात आणि पूर्व टोकाला चेक जावाची पाणथळ जमीन आहे. पासपोर्ट लागत नाही.

१८. परतीचे विमान रात्री उशिराचे आहे. शेवटच्या दिवशी सामानाचे काय करावे?

दिवस शहरातच घालवायचा असेल, तर खोली सोडल्यावर सामान हॉटेलात ठेवू देतात. ज्युएलमध्येही सामान ठेवण्याची सशुल्क सोय आहे आणि काही विमान कंपन्यांचे चेक-इन तेथे बरेच तास आधी करता येते. कर परत मागायचा असेल (प्रश्न ११), तर हे चेक-इन करण्याची घाई करू नये: खरेदीच्या वस्तू मोठ्या बॅगेत असतील आणि अधिकाऱ्याने त्या दाखवायला सांगितल्या, तर बॅग आपल्या हातात असावी लागते. आधी यंत्रावर नोंद करावी आणि मगच बॅग सोपवावी.